मुळशीच्या घाटवाटा: मिठापासून ड्रोनपर्यंत

हिंजवडी आणि तेलबैला एकाच तालुक्यात आहेत, हे पुण्यात राहणाऱ्यांनाही सांगावे लागते. मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडे काचेच्या इमारती आणि संध्याकाळची वाहतूक कोंडी आहे. पश्चिमेला जमीन एकाएकी संपते. घाटमाथ्याची कड तिथे शेकडो मीटर खाली तुटते आणि खाली रायगड जिल्ह्यातली सुधागड, माणगावकडची गावे दिसतात. सिनेमा पाहणाऱ्यांना मुळशी माहीत आहे ती २०१८ च्या ‘मुळशी पॅटर्न’मुळे, म्हणजे विकलेल्या जमिनींमुळे. पण या तालुक्याचा खरा जुना इतिहास पश्चिमेच्या कड्यावर, पायांनी लिहिलेला आहे.

तेलबैल्याच्या दोन कातळभिंतींच्या आसपासून सवाष्णी घाट धोंडसे गावाकडे उतरतो आणि वाघजाई घाट ठाणाळ्याकडे. एकोले, घुटके भागातून नाणदांड, घोणदांड या वाटा आहेत. पिंपरीहून हिरडीमार्गे भिऱ्याकडे जाणारी अंधारबनाची वाट आता सगळ्यांना ठाऊक झाली आहे. दक्षिणेला ताम्हिणीच्या अंगाने देवघाट, सवत्या अशी नावे ऐकू येतात. काही वाटा लादलेल्या बैलाच्या, काही फक्त डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसाच्या. जिथे कातळ आडवा आला तिथे पावठ्या खोदल्या, जिथे तेही जमले नाही तिथे लाकडी निसणी लावली.

खालून वर यायचे ते मीठ, सुकी मासळी, नारळ. वरून खाली जायचे धान्य, मिरची, तूप आणि रानातला हिरडा. कोळी, धनगर, कातकरी, मावळातले कुणबी हे या वाटांचे रोजचे वाटसरू. बाजारहाट, देवाची जत्रा, सोयरीक, सगळे याच उतारांवरून चाले. घाटमाथ्यावरच्या घराला खालचे गाव तालुक्याच्या ठाण्यापेक्षा जवळचे वाटे, आणि अंतराच्या हिशेबाने ते खरेही होते.

हे दळणवळण किती जुने आहे, याचा पुरावा वाघजाई घाटाच्या पायथ्याशी कातळात कोरलेला आहे. ठाणाळ्याची बौद्ध लेणी आणि थोड्या अंतरावरची खडसांबळ्याची लेणी ही प्राचीन काळी चौलसारख्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या व्यापाराच्या वाटेवरची. भिक्षूंना भिक्षा हवी आणि व्यापाऱ्यांना पावसापाण्यात निवारा, त्यामुळे लेणे जिथे सापडते तिथून वाट जात होती असे धरून चालायला फारशी हरकत नसते. १८९० च्या सुमारास या लेण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी. महिपती, तुकाराम यांना इंग्रजीत नेणारे अ‍ॅबट ते हेच. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांच्याबरोबरचा अहवाल छापला गेला आणि नाडसूर (म्हणजेच ठाणाळे), खडसांबळे ही नावे ग्रंथालयांत पोहोचली. गावकऱ्यांना ती लेणी अर्थातच आधीपासून माहीत होती. शोध लागला तो कागदाला.

राज्यकर्त्यांना या वाटांची किंमत व्यापाऱ्यांइतकीच कळत होती. मुळशीच्या उत्तरेला, कुरवंडे घाटाच्या पायथ्याशी उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना रान आणि माहितीचा अभाव, एवढ्यावर मोठी फौज शरण आली. पुढे वीस वर्षांनी, १६८१ मध्ये, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर दक्षिणेत पळून आला तेव्हा त्याचा मुक्काम सुधागडाच्या परिसरात, धोंडशाला पडला आणि तिथल्याच पातशाहपुरात, आजच्या पाच्छापुरात, संभाजी महाराज त्याला भेटले. सवाष्णी घाट ज्या धोंडशाला उतरतो तेच हे धोंडसे. कोरीगड, घनगड, तेलबैला, कैलासगड ही माथ्यावरची आणि सुधागड, सरसगड ही खालची ठाणी नकाशावर पाहिली, तर ती घाटवाटांच्या वरखाली बसवलेली दिसतात. इंग्रजांनाही हा हिशेब कळला होता. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगड घेतला आणि पाठोपाठ काही दिवसांतच घनगडही.

त्यानंतर वाटांचे महत्त्व गेले ते लढाईने नव्हे, चाकाने. १८३० मध्ये खंडाळ्याचा बोरघाट गाड्यांसाठी खुला झाला आणि १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली. मुंबई-पुण्याचा माल एका वाटेवर एकवटला. दक्षिणेकडच्या पायवाटा स्थानिक वापरापुरत्या उरल्या. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये घाटांची नोंद आहे ती याच उतरत्या काळातली.

मग आले धरण. टाटांच्या जलविद्युत योजनांपैकी खोपोली १९१५ मध्ये सुरू झाली होती, भिवपुरी १९२२ मध्ये होणार होती आणि तिसरीसाठी निळा आणि मुळा या नद्यांचा संगम निवडला गेला. पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, न. चिं. केळकर अशी माणसे त्यात होती. राजेंद्र व्होरा यांच्या अभ्यासामुळे या लढ्याची एक कडू बाजूही नोंदली गेली आहे. पुण्यातले सावकार जमीनमालक मोबदला घ्यायला तयार झाले आणि कसणाऱ्या कुळांचा लढा मोडला. बापटांनी मात्र सोडले नाही. १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, गोळीबार केला आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. मुळशीनेच त्यांना ‘सेनापती’ केले.

या लढ्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यात एक गोष्ट सहसा सुटते. तालुक्याचे ठाणे असलेल्या पौडाकडून घाटमाथ्याकडे जायची सोय म्हणजे मुळा-निळेचे खोरेच होते, आणि जलाशय नेमका त्या खोऱ्यात पसरला. म्हणजे शेतांबरोबर वाटाही बुडाल्या. माथ्यावरची गावे पुण्याला तुटली आणि लांबचा वळसा त्यांच्या नशिबी आला.

१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळेचे पाणी पूर्वी पुण्यावरून भीमेला, तिथून कृष्णेला आणि बंगालच्या उपसागराला जात असे. आता धरणाचे पाणी बोगद्यातून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडले जाते आणि कुंडलिकेत मिसळते. कुंडलिका समुद्राला मिळते ती रेवदंड्याजवळ, म्हणजे जुन्या चौलच्याच शेजारी. ज्या किनाऱ्यावरून हजार-दोन हजार वर्षे मीठ वर चढत होते, तिथे आता मुळशीचे पाणी उतरते. मुंबईचे दिवे लागले, हे खरेच. पण कुंडलिकेत रोजच्या ठरल्या वेळी सुटणाऱ्या पाण्यावर राफ्टिंग करणाऱ्या पर्यटकाला हे पाणी कोणाच्या शेतावरचे, हे कोणीतरी सांगायला हवे.

ओझेवाले गेले, तसे हौशी आले. स. आ. जोगळेकरांचा ‘सह्याद्री’ हा ग्रंथ १९५२ मध्ये आला. गो. नी. दांडेकरांनी दोन पिढ्यांना पायात वहाणा घालायला लावल्या. पुण्यात १९८२ मध्ये ‘गिरिप्रेमी’ ही गिर्यारोहकांची संस्था स्थापन झाली. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने घाटवाटांची नावे आणि टप्पे पाठीवरच्या पिशवीत आणले. या लोकांकडे कॅमेरा असे, पण फिल्म महाग होती. छत्तीस फोटोंत दोन दिवस भागवायचे, म्हणून वही जास्त भरायची. वहीत गावकऱ्याचे नाव, पाण्याच्या टाक्याची जागा, कुठे डावीकडे वळायचे हे उतरत असे. आजही घाटवाटा शोधणारे याच टिपणांवर चालतात.

आता उलट झाले आहे. ड्रोन उडतो, धुके भरून आलेली कुंडलिकेची दरी दिसते, संगीत वाजते, आणि वाट कुठेच दिसत नाही. शेकडो चित्रफितींत अंधारबन आहे, भिऱ्याजवळचा देवकुंड धबधबा आहे. सवाष्णी नाही, घोणदांड नाही. गर्दीचे पाय एकाच जागी पडतात आणि शेजारची वाट कारवीत बुजते. दोष कॅमेऱ्याचा नाही, तो कुठे रोखला जातो याचा आहे.

पावसाळा हा या गर्दीचा हंगाम, आणि तोच सर्वांत वाईट. २५ जुलै २०२४ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला ताम्हिणीत कुंडात उडी मारणारा एक माणूस वाहून गेला आणि ते दृश्य देशभर मोबाइलवर फिरले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धोक्याच्या पर्यटनस्थळी पाण्यात उतरायला आणि सेल्फी, रील काढायला मनाई करणारा आदेश काढला. शिवाय ताम्हिणी २०१३ पासून अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात छायाचित्रणासाठी जायलाही परवानगी लागते, हे रील करणाऱ्यांच्या गावीही नसते.

एवढा पाऊस झेलणारा हा मुलूख होळीनंतर वाळवंटासारखा कोरडा पडतो. काळा कातळ पाणी धरत नाही, तापतो मात्र भरपूर. एप्रिलमध्ये घाट चढणाऱ्याला टाके कुठे आहे हे माहीत नसेल, तर त्याचे हाल होतात. जुन्या वाटेचा आराखडा पाण्यावरून ठरलेला असे, आणि ही माहिती गावातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर संपत चालली आहे.

जॉर्डनमध्ये, काही भाग खरोखरीच्या वाळवंटातून जाणारी, उम्म कैसपासून अकाबाच्या समुद्रापर्यंत, सुमारे ६५० किलोमीटरची पायवाट २०१७ मध्ये पुरी झाली. जुन्या व्यापारी आणि मेंढपाळांच्या वाटा जोडून ती आखली आणि वाटेतल्या गावांत मुक्कामाची सोय उभी राहिली. कोरीगडापासून ताम्हिणीपर्यंतच्या माथ्यावर असे काही करायला कोणते नवे बांधकाम लागत नाही. वाटा आहेत, गावे आहेत, टाकी आहेत. नाही ती एकत्र केलेली नोंद.

म्हणून कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. डिसेंबर-जानेवारीत जावे. अभयारण्यात शिरायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. एखादी वाट धोंडशाहून किंवा ठाणाळ्याहून, ओझेवाला चढायचा तशी, खालून वर चित्रित करावी. सोबत गावातला वाटाड्या घ्यावा, त्याचा मेहनताना आधी ठरवावा, आणि प्रत्येक वळणाचे, टाक्याचे, देवाच्या ठाण्याचे नाव त्याच्याच तोंडून नोंदवून घ्यावे.