कडी घातलेली बंदूक

प्रवरेकाठच्या बेलापुरात जुन्या घराचे दार रात्री आतून लावायचे, म्हणजे लोखंडी दांड्याची वाकडी मूठ उचलायची, दांडा पुढे सारायचा, तो चौकटीच्या भोकात शिरला की मूठ खाली पाडायची. उघडताना हेच उलट. घरातल्या थोरल्या माणसाने एवढे केले, की पोरेबाळे निश्चिंत झोपत. दाराबाहेर ऊस, उसात रानडुक्कर आणि अलीकडे बिबट्या. आत मात्र कडी बसल्याचा ‘खट्’ आवाज पुरेसा असे.

बोल्टच्या रायफलीची सगळी करामत या ‘खट्’मध्ये आहे. मूठ वर, दांडा मागे, दांडा पुढे, मूठ खाली. बंदुकीच्या मागच्या तोंडाला घातलेली ही दाराची कडीच आहे, आणि हे मी उपमा म्हणून म्हणत नाही. जर्मनीतल्या झ्योमर्डा गावच्या ज्या कारागिराने ही कडी बंदुकीला पहिल्यांदा नीट बसवली, तो योहान निकोलाउस ड्रायझं कुलूपवाल्याचा मुलगा होता आणि बापाचाच धंदा शिकला होता.

कडीच्या या कुळाची आठवण निघाली ती एका परदेशी प्रश्नावरून. अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्क नावाचे मोठे हरीण आहे. नराचे वजन तीनशे किलोच्या पुढे जाते. त्याच्या शिकारीला बोल्टची कोणती रायफल घ्यावी, यावर तिकडचे शिकारी पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतात. आपल्याकडे त्या तोलामोलाचे जनावर म्हणजे सांबर. सिलोनच्या डोंगरांत शिकार करणारे इंग्रज सांबराला एल्कच म्हणत. सॅम्युअल बेकरच्या १८५४च्या पुस्तकात ज्याला तो एल्क म्हणतो, ते आपले सांबर आहे. लोक हा प्रश्न काडतुसांचे तक्ते मांडून सोडवतात. मला वाटते, आधी कडीचे कूळ विचारावे.

कूळ सांगायचे तर शब्दांपासून सुरुवात करावी लागते, कारण बंदुकीच्या अंगावरचा एकेक शब्द वेगळ्या गावाहून आला आहे. ‘बंदूक’ अरबी. मूळ अर्थ हेझेल नावाचे गोल कवचाचे फळ, मग तशी मातीची गोळी, मग ती गोळी फेकणारे हत्यार. ‘दारू’ फारसी, तिचा पहिला अर्थ औषध. ‘तोफ’ तुर्की. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांकडून आले. या गर्दीत ‘चाप’ तेवढा जुना संस्कृत; चाप म्हणजे धनुष्य. धनुष्य गेले, पण बोटाखाली त्याचे नाव उरले. आणि ‘घोडा’! गारगोटी धरून ठिणगी पाडणाऱ्या त्या वाकड्या तुकड्याला पोर्तुगीजांनी कुत्रा म्हटले, इंग्रजांनी आणि जर्मनांनी कोंबडा म्हटले, आपण घोडा म्हटले. बोल्टच्या रायफलीत हा घोडा बाहेर दिसतच नाही. तो कडीच्या पोटात शिरून स्प्रिंगवर बसलेली सुई झाला. तरी गावात अजून ‘घोडा ओढला’ असेच म्हणतात, आणि मला ते बरोबर वाटते.

नगर जिल्ह्याला तोफा-बंदुकांचे नवल नसावे. विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ साली नगरातच ओतली गेली, निजामशाहीत, मुहम्मद बिन हुसेन रूमीच्या हाताखाली. पण ती तोफ काय किंवा मावळ्याच्या हातातली तोड्याची बंदूक काय, दोन्हींची अडचण एकच होती. भरायचे ते पुढून, तोंडातून. दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा. मागचे तोंड कायमचे बंद, कारण ते उघडे ठेवले तर बार पुढे जायच्या ऐवजी बंदूकवाल्याच्या तोंडावर यायचा. भरणारा माणूस उभा राहिला पाहिजे. आणि उभा राहिलेला माणूस शत्रूला दिसतो, जनावरालाही दिसतो.

१८५७चे काडतूस याच ठासणीचे होते. एन्फील्डच्या नव्या रायफलीचे कागदी काडतूस दाताने फोडून आधी दारू ओतायची, मग गोळी ठासायची. त्या कागदाला कसली चरबी लावली आहे, या संशयावरून काय झाले ते आपण शाळेत वाचले आहे. दैवाचा खेळ असा, की दात न लावता मागून भरायची बंदूक तेव्हा प्रशियाच्या फौजेत आलेली होती. ड्रायझंची सुईची बंदूक त्यांनी १८४१मध्येच स्वीकारली होती. कडी उघडायची, गोळी-दारू एकत्र असलेले कागदी काडतूस आत सारायचे, कडी लावायची. चाप ओढला की लांब सुई काडतुसाचा कागद आणि दारू भेदून आतल्या स्फोटक टिकलीवर आपटे.

३ जुलै १८६६ला क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक उभे राहून गज ठासत होते आणि प्रशियाचे सैनिक जमिनीवर पडल्या पडल्या कडी उघडत-लावत होते. एका दिवसात युरोपभरच्या फौजांना कळले की ठासणीचे दिवस संपले.

ड्रायझंची कडी मात्र पुरती बंद होत नसे. फटीतून जळता वायू मागे येई, आणि सुई दारूतच जळून खराब होई. दार लागले होते, पण फट राहिली होती. ती फट बुजवण्याचे मोठे श्रेय पितळी काडतुसाचे. बार होताना पितळ फुगते आणि नळीला आतून घट्ट चिकटते, म्हणजे काडतूस स्वतःच बूच होते. त्या काडतुसाला शोभेल अशी कडी ओबेर्नडॉर्फच्या माउझर बंधूंनी केली. ते बंदूक कारखान्यातल्या कारागिराचे मुलगे. त्यांची पहिली लष्करी रायफल १८७१ची आणि सगळ्यांत पक्की १८९८ची. तिच्या कडीला पुढच्या टोकाशी दोन जाड कान आहेत. मूठ पाव फेरा फिरवली की ते नळीमागच्या खाचांत अडकतात. मागे तिसरा कान आहे, पुढचे दोन दगा देतील तर म्हणून. आणि बाजूला एक लांब लवचीक आकडी. पेटीतून काडतूस वर आले की ही आकडी त्याची कड पकडते, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही.

ही आकडी ध्यानात ठेवा. एल्कचा वाद इथेच येऊन थांबतो.

इथे आमचा जिल्हा पुन्हा कथेत येतो. दौंड–मनमाड लोहमार्गावर श्रीरामपूरच्या स्टेशनाचे नाव आजही बेलापूर आहे. त्याच मार्गावरच्या नगरला १९०१च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतून बोअर युद्धकैदी आणून ठेवले होते. हे शेतकरी लोक. घोड्यावर बसणारे, हरणांच्या शिकारीवर नेम पक्का झालेले, आणि हातात ७ मिलिमीटरची माउझर. पाच काडतुसे एका पत्र्याच्या पट्टीत ओवलेली असत. पट्टी रायफलीवर टेकवायची, अंगठ्याने दाबायचे, पाचही एका दमात पेटीत. समोरच्या इंग्रज सैनिकाच्या ली-मेटफर्ड आणि ली-एन्फील्डमध्ये पेटी मोठी, दहा काडतुसांची, पण भरायची एकेक करून. पेटी रिकामी झाली की तो अडकला.

या मारातून इंग्रज शिकले आणि १९०४च्या ली-एन्फील्डमध्ये पट्टीने भरायची सोय आली. हीच रायफल पुढच्या महायुद्धात इराकच्या वाळवंटात मराठा पलटणींच्या खांद्यावर होती. तिची कडी जेम्स पॅरिस ली या स्कॉटलंडात जन्मलेल्या, कॅनडात वाढलेल्या माणसाची. त्याचा बाप घड्याळजी आणि तोही तेच शिकलेला. म्हणजे रायफलीच्या या दोन घराण्यांचे पूर्वज एक कुलूपवाला आणि एक घड्याळजी. लीच्या कडीचे कान मागच्या बाजूला आहेत, मूठ थोडीच उचलावी लागते आणि ती बोटाजवळ येते. म्हणून ती चपळ. चांगला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढी.

अमेरिकेचीही गत तीच झाली. १८९८मध्ये क्यूबात स्पॅनिश माउझरपुढे त्यांची माणसे पटापट पडली, तेव्हा त्यांनी माउझरच्या नमुन्यावर आपली १९०३ची स्प्रिंगफील्ड बेतली आणि तिचे पैसे माउझरला मोजले. तिच्या १९०६च्या काडतुसाचे नाव .३०-०६, शून्य-सहा म्हणजे वर्ष. एल्कच्या शिकाऱ्यांचा आजही ज्यावर मोठा भरवसा, ते हे काडतूस. बोअरांचे ७ मिलिमीटरचे काडतूस इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी या नावाने शिकाऱ्यांच्या हाती गेले; १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल याच जातीची. जी हत्यारे माणसांवर रोखली होती, तीच पुढे जनावरांवर रोखली गेली.

मग बेलापूर-श्रीरामपूरच्या वाड्यात कोणती रायफल आली? .३०३ नाही. लष्कराचे काडतूस खासगी हातात जाऊ नये, असा इंग्रज सरकारचा कटाक्ष होता, १९०७मध्ये तर .४५०च्या रायफलीच हिंदुस्थानात बंद केल्या, कारण त्यांचे काडतूस चोरीच्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या कामी येईल ही धास्ती. वाट काढली गेली ती .३१५ची. अंगाने ली-एन्फील्ड, पण काडतूस ८ मिलिमीटरचे, फौजेला निरुपयोगी. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इच्छापूर रायफल कारखान्याने हीच .३१५ परवानाधारकांसाठी बनवली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होणाऱ्या रायफलींत ती हमखास असते. भंडारदऱ्याचे धरण १९२६मध्ये पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, उसाबरोबर डुकरे वाढली. पण पीकराखणीच्या शेतकऱ्याला ही रायफल सहसा मिळत नसे. १९५९च्या शस्त्र कायद्यातही खऱ्या पीकराखणीसाठी म्हणून नाव आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. कडीची रायफल मोजक्या घरांत, ठासणी बांधावर. शतकाचे अंतर एकाच शिवारात नांदत होते.

.३१५ची गोळी जड आणि संथ. सह्याद्रीच्या दाट रानात हाका घालून मचाणाखाली आणलेल्या सांबराला ती पुरे, कारण अंतर थोडे. रॉकीच्या उघड्या उतारावर दोन-अडीचशे मीटरांवरच्या एल्कला ती अपुरी, तिथे .३०-०६ किंवा तिच्याहून तेज काडतूस हवे. एवढे काडतुसाचे. पुढे मात्र कडीच बोलते. दिवसभर चढणीवर चालून धाप लागलेली, बोटे गारठलेली, रायफलीत बर्फ आणि माती. जखमी जनावर उठून दरीत उतरायच्या आत दुसरा बार हवा. घाईत कडी पुरती लावण्याआधीच मूठ पुन्हा मागे ओढली गेली, तर अशी आकडी नसलेल्या कडीत एक काडतूस नळीत आणि दुसरे त्याच्या पाठीत जाऊन अडकते. माउझरच्या आकडीत हे होत नाही, कारण काडतूस तिच्या मुठीतून सुटलेलेच नसते. विंचेस्टर कंपनीने १९३६च्या आपल्या मॉडेल ७०ला ही आकडी दिली होती. १९६४मध्ये खर्च वाचवायला काढली, तर शिकाऱ्यांनी जुन्या रायफली जपून ठेवल्या, चढ्या भावाने घेतल्या; १९९०च्या दशकात कंपनीला ती परत आणावी लागली. मला विचाराल तर डोंगरासाठी आकडीचीच घ्यावी, साडेतीन किलोच्या आतबाहेरची, मधल्या ताकदीच्या काडतुसाची. जखमी हरीण रात्रभर दरीत तडफडत पडणे हा शिकाऱ्याचा सर्वांत मोठा गुन्हा आहे, आणि तो टाळायला ताकदीपेक्षा भरवशाची कडी जास्त कामाला येते.

आपल्याकडे हा प्रश्न वन्यजीव कायद्याने मिटवला. सांबर मारणे गुन्हा झाला, आणि व्हायलाच हवा होता. कोयना-चांदोलीच्या रानात पहाटे सांबराचा ‘ढोंक’ असा इशारा ऐकलेला माणूस याबद्दल वाद घालणार नाही. वाड्यांतल्या .३१५ रायफली परवान्याच्या नूतनीकरणापुरत्या कापडातून बाहेर येऊ लागल्या.

कडी मात्र थांबली नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरी करत ५० मीटर रायफल खेळला. ही .२२ची रायफल, पेटी नसलेली. दर वेळी एकच काडतूस हाताने ठेवायचे. गुडघ्यावर, पालथे झोपून आणि उभ्याने, पात्रता फेरीत साठ बार. १ ऑगस्ट २०२४ला अंतिम फेरीत ४५१.४ गुण घेऊन त्याने ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले. समोर कागदाएवढे लक्ष्य, कोणाच्या जिवाला धोका नाही. आणि प्रत्येक बारापूर्वी हाताची तीच हालचाल: काडतूस आत, दांडा पुढे, मूठ खाली, खट्.