कीर्तिदालनातील शिक्षक

गुरुजींच्या स्मरणार्थ योजिलेल्या या व्याख्यानात मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बास्केटबॉलविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्यांचे स्मरण आपण करीत आहोत ते क्रीडाशिक्षक होते, आणि मला सांगावयाची हकिकतही एका क्रीडाशिक्षकापासूनच सुरू होते.

१८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे एक साधी अडचण होती. हिवाळ्यात मुलांना छपराखाली काय खेळवावे? व्यायामशाळेच्या सज्जाला त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि खेळ सुरू झाला. टोपल्यांना तळ होता. चेंडू आत पडला की तो वर चढून काढावा लागे. पुढच्याच महिन्यात ते नियम तेथील विद्यालयाच्या पत्रात छापून आले. मला मोठी घटना वाटते ती ही. खेळ कोणालाही सुचतो. छापलेला नियम मात्र गाव सोडून जाऊ शकतो.

या खेळाची जागतिक संघटना १९३२ साली जिनिव्हात स्थापन झाली. २००७ साली तिने स्पेनमध्ये माद्रिदजवळ अल्कोबेंडास येथे कीर्तिदालन उघडले. त्यात खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांच्याखेरीज खेळास हातभार लावणाऱ्यांचा एक स्वतंत्र वर्ग आहे. नेस्मिथांचे नाव त्या वर्गात आहे, आणि १९३२ पासून १९७६ पर्यंत संघटनेचे चिटणीसपद सांभाळणाऱ्या विल्यम जोन्स यांचेही.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच अधिकृतपणे खेळला गेला. चौऱ्याहत्तर वर्षांचे नेस्मिथ तेथे हजर होते. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानात झाला. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरविले. त्याच वर्षी, त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवीत होते. त्यांत आपला हुतुतूही होता. तो कबड्डी या नावाने आशियाई क्रीडास्पर्धेत पोहोचण्यास १९९० साल उजाडावे लागले.

हुतुतू आणि खो-खो यांना नियमांत बसविण्याचे काम पुणे-बडोद्याकडील मंडळींनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतच हाती घेतले होते. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव कबड्डीप्रेमींना ठाऊक असते. परंतु दिवसभर नोकरी करून संध्याकाळी मैदानाच्या लांबीरुंदीवर वाद घालणाऱ्या त्या पहिल्या मंडळींपैकी किती जणांची नावे आपणांस सांगता येतील? मला येत नाहीत, हे कबूल करतो.

इतरांना दोष देण्याचा अधिकारही मला नाही. माझे बालपण खासबागेत, मागांच्या खटखटाटात गेले. आमचे गुरुजी फक्कीने मैदान आखीत आणि विणकरांच्या पोरांना चढाई शिकवीत. नियमांतील बदल ते एका वहीत टिपून ठेवीत. निवृत्तीनंतर ती वही त्यांनी माझ्या स्वाधीन केली. मी तेव्हा प्रबंधासाठी पोथ्यांची पाने जुळवीत होतो. त्या पोथ्या मी जिवापाड जपल्या. वही मात्र घर बदलताना रद्दीत गेली. तिच्या समासातील पंचांसाठीची एक सूचना तेवढी आठवते. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता छातीकडे पाहावे. दम सुटतो तो तेथे आधी दिसतो.