माफ कुणी करायचं? कोरियन सूडपटांमागचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोनतीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. 'सर, तुम्ही आणि कोरियन मारधाडपट?' प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. दंडाची मीमांसा आली की दरवर्षी तीच टिपणं घेऊन वर्गात जायचो. त्यात कांट असायचा: शिक्षा करण्याचा अधिकार न्यायसंस्थेचा, ज्याचं नुकसान झालं त्याचा नव्हे. हे आम्ही इतक्या वेळा सांगितलं की त्याची धारच गेली होती. या चित्रपटांमुळे ते पुन्हा टोचू लागलं, म्हणून आजचा हा खटाटोप.

आमची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. २००६ साली संजय गुप्ता यांचा 'जिंदा' पाहिला होता. एका माणसाला कुणीतरी वर्षानुवर्षं कोंडून ठेवतं, का ते सांगत नाही आणि एक दिवस सोडून देतं. चित्रपट आम्ही विसरूनही गेलो. पुष्कळ वर्षांनी नातीनं लॅपटॉपवर 'ओल्डबॉय' लावून दिला आणि उलगडा झाला, की 'जिंदा'ची मूळ गोष्ट ही आहे आणि हिंदीत तिचा शेवटचा घाव गाळून टाकलेला आहे. अर्ध्यावर आम्ही लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला सांगितला. 'आजोबा, नक्की ना?' असं तिनं विचारलं. नक्की नव्हतं, पण पाहिला.

'ओल्डबॉय' २००३ सालचा. गोष्टीचं बीज एका जपानी चित्रकथामालिकेतलं, दिग्दर्शक पार्क चान-वूक. २००४ साली कानच्या महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. त्या वर्षी परीक्षक मंडळाचे अध्यक्ष क्वेंटिन टॅरंटिनो होते. आम्हाला जास्त सुखावून गेली ती वेगळीच माहिती. हे पार्क सोलच्या सोगांग विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. म्हणजे आमच्याच गल्लीतले! त्यांचे तीन चित्रपट 'सूडत्रयी' म्हणून ओळखले जातात: 'सिम्पथी फॉर मिस्टर व्हेन्जन्स' (२००२), 'ओल्डबॉय' आणि 'लेडी व्हेन्जन्स' (२००५).

पहिला चित्रपट तिथे तिकीटबारीवर आपटला, पण आमच्या मते तिन्हींत तोच सर्वांत खरा. एक मूकबधिर कामगार, आजारी बहिणीच्या मूत्रपिंडासाठी त्याला पैसे हवेत, नोकरी गेलेली. तो एका कारखानदाराच्या मुलीला पळवतो. तिला इजा करण्याचा त्याचा हेतू नाही, पण मुलगी नदीत बुडून मरते. मग बाप त्याच्या मागे लागतो. हा बाप साँग कांग-हो यांनी केलाय. समोरचा माणूस वाईट नाही हे त्याला कळतं, तसं तो बोलूनही दाखवतो, आणि तरीही मारतो. आपल्याकडच्या सूडपटात खलनायक आधी पुरेसा काळा रंगवलेला असतो, त्यामुळे प्रेक्षकाचा हात स्वच्छ राहतो. इथे ती सोय नाही.

आता प्रश्न असा, की हे सगळं त्याच देशात, त्याच सुमारास का उगवलं? पुष्कळ जण 'हान' या कोरियन शब्दाकडे बोट दाखवतात. हान म्हणजे आत साचून राहिलेलं दुःख, न फिटलेला अन्याय. आम्हीही आधी तेच धरून बसलो होतो. नंतर ते सोडून दिलं. स्वभावाचं नाव सांगितलं की इतिहास शोधायचं काम टळतं, एवढाच त्याचा उपयोग.

इतिहास काय सांगतो? मे १९८०. दक्षिणेकडच्या ग्वांगजू शहरात लष्करी राजवटीविरुद्ध लोक उठले आणि चुन डू-ह्वान यांच्या सैन्यानं ते रक्तात बुडवलं. त्याच वर्षी लष्करी न्यायालयानं विरोधी नेते किम डे-जुंग यांना फाशी सुनावली. ती पुढे टळली. १९८७ नंतर लोकशाही आली. ऑगस्ट १९९६ मध्ये न्यायालयानं चुन यांना देहदंड दिला, अपिलात त्याची जन्मठेप झाली. आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्यांना माफी देऊन सोडण्यात आलं. माफी दिली मावळते अध्यक्ष किम यंग-साम यांनी. संमती होती नुकतेच निवडून आलेल्या किम डे-जुंग यांची. ज्याला फाशी सुनावली गेली होती त्यानंच माफ केलं! आम्हाला हे फार मोठं वाटतं. पण त्याच वेळी विचारावंसं वाटतं: त्यांनी स्वतःपुरतं माफ करावं, ग्वांगजूच्या आयांच्या वतीनं त्यांना कुणी नेमलं होतं?

दुसरी घटना त्याच १९९६ सालातली. ऑक्टोबरमध्ये तिथल्या घटना न्यायालयानं चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे बघा, पडद्यावर बोलायची मुभा मिळाली आणि सव्वा वर्षातच बोलण्यासारखी जखमही उघडी राहिली. पार्क यांनी ग्वांगजूवर रूपक रचलं, असं आम्ही म्हणत नाही. पण कायदा निकाल देतो आणि हिशेब मात्र तसाच राहतो, हे त्या प्रेक्षकाला शिकवावं लागत नव्हतं. पुढे २०१२ साली '२६ इयर्स' आला. त्यात ग्वांगजूत मेलेल्यांची मुलं थेट माजी अध्यक्षाच्या हत्येचा कट करतात. खुद्द चुन २०२१ साली वारले, ग्वांगजूची माफी न मागता.

बाँग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) रूढ अर्थानं सूडपट नाही, पण तो वगळून चालणार नाही. १९८६ ते १९९१ या काळात ह्वासंग भागात दहा स्त्रियांचे खून झाले. पोलीस निदर्शनं मोडण्यात गुंतलेले, संशयितांना बडवून कबुली घेणारे. शेवटी साँग कांग-हो सरळ कॅमेऱ्यात पाहतो, कारण खुनी प्रेक्षकांत असू शकतो. २०१९ साली डीएनएवरून खुनी सापडला. दुसऱ्याच खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगात होता आणि हा चित्रपट त्यानं तुरुंगातच पाहिला होता, असं त्यानं न्यायालयात सांगितलं. खटला मात्र चालवता आला नाही. पंधरा वर्षांची मुदत २००६ सालीच संपली होती. आणि यांतल्या एका खुनासाठी भलत्याच माणसानं वीस वर्षं तुरुंगात काढली. तो २०२० साली निर्दोष ठरला. आता त्याचा हिशेब कुणी, कसा चुकता करायचा?

नटांमध्ये आम्ही चोई मिन-सिक यांचे भक्त झालो आहोत. 'ओल्डबॉय'मधला कैदी तेच, 'लेडी व्हेन्जन्स'मधला मुलं मारणारा मास्तरही तेच. 'ओल्डबॉय'मध्ये जिवंत ऑक्टोपस खाण्याचा प्रसंग आहे. स्वतः बौद्ध असल्यानं प्रत्येक ऑक्टोपससाठी त्यांनी प्रार्थना केली. २००६ साली देशी चित्रपटांसाठीचे राखीव दिवस सरकारनं १४६ वरून ७३ वर आणले, तेव्हा त्यांनी सरकारनं दिलेलं पदक परत केलं. पुढची काही वर्षं ते व्यावसायिक पडद्यापासून जवळजवळ लांबच होते. २०१० साली किम जी-वून यांच्या 'आय सॉ द डेव्हिल'मध्ये परतले ते थेट नरपिशाच्च होऊन. समोर ली ब्युंग-हुन. तो खुन्याला पकडतो, मोडतो, सोडतो, पुन्हा पकडतो. सौप्तिकपर्वातला अश्वत्थामा आठवतो: मारून झाल्यावरही हाती काही येत नाही, नुसतं भळभळत राहायचं.

ना होंग-जिन यांचा 'द चेझर' (२००८) आणि 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' (२०१०) हेही पाहण्यासारखे. दुसऱ्याचा हिंदी अवतार 'रॉकी हँडसम' आपल्या निशिकांत कामत यांनी केला. पण कामतांचा 'डोंबिवली फास्ट' (२००५) आम्हाला त्याहून कितीतरी जवळचा. माधव आपटेचा संताप उसना वाटत नाही.

शेवटी एका चित्रपटाकडे येतो. ली चांग-डोंग यांचा 'सीक्रेट सनशाइन' (२००७). यातल्या भूमिकेसाठी जॉन डो-यन यांना कानला अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. मूल गमावलेली आई महत्प्रयासानं मन घट्ट करून खुन्याला माफ करायला तुरुंगात जाते. तो शांतपणे सांगतो, की देवानं मला केव्हाच माफ केलंय. ती बाहेर येते आणि कोसळते. तिच्या हातातली एकमेव गोष्ट तिला न विचारता दुसऱ्यानंच देऊन टाकली होती. सबंध चित्रपटात सूडाचा एक वार नाही, आणि तरी आम्ही याला त्या यादीत सर्वांत वर ठेवतो. कांटच्या टिपणांत या बाईसाठी आम्हाला जागा सापडली नाही. वर्गात असतो तर यावर एक तास वाढवून घेतला असता.

पाहणार असाल तर इथून सुरुवात करा, मग 'मेमरीज ऑफ मर्डर', मग सूडत्रयी. 'आय सॉ द डेव्हिल' जेवणानंतर लावू नका. चला, आता प्रश्न घेऊ या.