‘अभेद्य’ या विशेषणाविषयी

लेखकाने इथे संदेश गुप्त ठेवण्याच्या आरएसए पद्धतीला ‘अभेद्य’ म्हटले आहे. ते शब्दशः घेऊ नये. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली शोधलेली ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे : दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या हुडकणे व्यवहारात अशक्य. हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही. संख्या मूळ आहे की नाही, हे झटपट आणि खात्रीने ठरवण्याची सुंदर रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी दिली. अवयव पाडण्याची तशी जलद रीत साध्या संगणकासाठी अजून सापडलेली नाही, इतकेच खरे. क्वांटम संगणकासाठी ती पीटर शोर यांनी १९९४ मध्येच मांडली. तेवढा मोठा क्वांटम संगणक मात्र अजून कोणाकडे नाही. १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिलेल्या १२९ अंकी संख्येचे अवयव मात्र १९९४ मध्येच साध्या संगणकांवरही मिळाले. पर्यायी गृहीतकांनाही तितक्याच कठोरपणे तपासावे लागते. क्वांटम संगणकापुढेही टिकेल अशी आशा असलेली ‘साइक’ पद्धत २०२२ मध्ये, तिच्या सर्वांत लहान मापात, साध्या संगणकावर सुमारे तासाभरात फुटली.