जुन्या सदोष मोटारी व ग्राहकसंरक्षण (नांदेड-लातूर)

दोष, अपघात किंवा कर्जबोजा दडवून पुन्हा विकलेल्या मोटारीच्या खरेदीदाराला मिळणारे कायदेशीर संरक्षण. विक्रेता व्यावसायिक असल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. खाजगी व्यक्तीशी झालेल्या सौद्यासाठी दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. आयोगाकडील तक्रार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही चालते. त्यामुळे पुण्याहून किंवा हैदराबादहून गाडी आणलेल्या नांदेड-लातूरच्या ग्राहकाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत २ वर्षांची असून ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. गरज पडल्यास आयोग वाहनाची तांत्रिक तपासणी करवून घेतो.

मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, परराज्यातील गाडीसाठी नमुना २८ (ना हरकत), तर कर्जबोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन खात्याचे प्राधिकारपत्र आवश्यक आहे. पुरात बुडालेली गाडी गालिच्याखालचा गाळ आणि सीटच्या रुळांवरचा गंज यांवरून ओळखता येते. चासी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी (आरसी) ताडून, विक्रेत्याची हमी लेखी घेऊनच पैसे द्यावेत. तोंडी शब्द आयोगापुढे सिद्ध करणे कठीण जाते.