ड्रॅगन नसलेलं शहर

मी म्हापशाची. त्यामुळे एक प्रश्न लहानपणापासून ऐकत आले आहे. गाडीची काच खाली होते, आतून गॉगल लावलेला चेहरा बाहेर येतो आणि विचारतो, "वो दिल चाहता है वाला फोर्ट किधर है?" किल्ल्याचं नाव शापोरा. 1683 च्या हिवाळ्यात संभाजीराजांच्या फौजा बारदेशात घुसल्या, तेव्हा हा सगळा टापू हादरला होता. आज दिसतो तो किल्ला पोर्तुगीजांनी 1717 मध्ये नव्यानं बांधला. पण 2001 साली तीन मित्र त्याच्या तटावर बसून समुद्राकडे बघत राहिले आणि आधीची तीनेकशे वर्षं पुसली गेली. लोक येतात, त्याच जागी तसेच बसतात, फोटो काढतात आणि जातात. मी या लोकांवर कायम चिडत आले.

आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मी स्वतः क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिक शहराच्या वेशीत उभी राहून एका अनोळखी बाईंना विचारलं, "त्या 'शेम शेम'वाल्या पायऱ्या कुठे आहेत?"

'गेम ऑफ थ्रोन्स' मी तीनदा पाहिलंय. कॉलेजात असताना एकदा, नोकरी लागल्यावर एकदा आणि लॉकडाऊनमध्ये एकदा. मावसभाऊ म्युनिकला नोकरी करतो. तो म्हणाला, "ताई, तू ये, आपण दोन दिवस किंग्ज लँडिंगला जाऊन येऊ." सिरीजमधल्या या राजधानीचं शूटिंग पहिल्या सीझनला माल्टात झालं होतं. दुसऱ्या सीझनपासून, म्हणजे 2012 पासून पडद्यावर दिसतं ते दुब्रोव्हनिक. ते लाल छपरांचं, समुद्रात पाय सोडून बसलेलं, तटबंदीनं वेढलेलं शहर. मी हो म्हणायला एक मिनिटही घेतलं नाही.

पायऱ्या

ज्यांना मी रस्ता विचारला, त्या बाई गाईड निघाल्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांचा एक ग्रुप ऐनवेळी रद्द झाला होता. म्हणाल्या, "चला, मीच दाखवते."

त्या पायऱ्या म्हणजे पाचव्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमध्ये सर्सी राणीची धिंड निघते, ती जागा. आम्ही पोचलो तेव्हा एक मुलगा हातात घंटी घेऊन ओरडत होता आणि त्याची मैत्रीण मान खाली घालून पायऱ्या उतरत होती. तिसरी मुलगी व्हिडिओ काढत होती. मीही काढला. खोटं कशाला बोलू?

बाई बाजूला थांबल्या होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "आता मागे वळून वर बघा." वर एक चर्च होतं, संत इग्नेशियसचं. या पायऱ्या 1738 साली त्या चर्चसाठी बांधल्या गेल्या. इग्नेशियस म्हणजे जेझुइट पंथाचा संस्थापक. त्याचा जवळचा सोबती फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आमचा 'गोंयचो सायब', जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत विसावलाय. मी हे पटकन बोलून गेले.

"तुम्ही गोव्याच्या?" बाईंचा चेहराच बदलला. "मग आमचा व्लाहो तुमच्याकडे आहे की!"

मला काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "थांबा, आधी शहर बघू. मग सांगते."

एका महिन्याचा राजा

तटबंदीवर चढायचं तिकीट तेव्हा, 2023 मध्ये, पस्तीस युरो होतं. जवळपास दोन किलोमीटरचा वेढा आहे, काही ठिकाणी उंची पंचवीस मीटरच्या आसपास. याच तिकिटात समोरच्या कड्यावरचा लोव्रियेनाच किल्लाही बघता येतो. सिरीजमध्ये तो रेड कीप झालाय, म्हणजे जिच्यासाठी सगळे एकमेकांचे गळे कापतात ती खुर्ची असलेला राजवाडा.

खरा लोव्रियेनाच बघताना मी एका गोष्टीपाशी अडले. त्याच्या समुद्राकडच्या भिंती बारा मीटर जाड आहेत आणि शहराकडची भिंत जेमतेम साठ सेंटिमीटर. असं का? तर किल्लेदाराच्या डोक्यात उद्या राजा व्हायचं आलं आणि तो शहरावरच उलटला, तर त्याची भिंत शहराच्या तोफांपुढे टिकू नये म्हणून. आपल्याच माणसाच्या हाती जास्त ताकद जाऊ नये, ही काळजी त्यांनी दगडात बांधून ठेवली.

तेव्हा या शहराचं नाव होतं रागुसा, आणि ते गणराज्य होतं. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, फक्त एक महिन्यासाठी निवडला जायचा. त्या महिन्यात त्यानं सरकारी वाड्यातच राहायचं, कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा अर्थ असा की स्वतःचं विसरा आणि सगळ्यांचं बघा. अर्थात हे 'सगळे' म्हणजे मोजकी सरदार घराणीच होती, सामान्य माणसाला मत नव्हतं. तरीही जिथे एकाच खुर्चीसाठी आठ सीझन रक्त सांडलं, त्या 'किंग्ज लँडिंग'मध्ये खुर्चीला दर महिन्याला नवा माणूस मिळायचा, हे वाचून मला हसू आवरेना.

रागुसा टिकलं कसं? एका बाजूला व्हेनिस, दुसऱ्या बाजूला ऑटोमन साम्राज्य. दोघांपैकी कुणीही सहज गिळेल एवढं ते लहान. त्यांनी तट बांधले, तोफा ओतल्या, पण खरा भरवसा ठेवला हिशेबावर. 1481 पासून ऑटोमन सुलतानाला दरवर्षी साडेबारा हजार सोन्याची दुकातं खंडणी म्हणून पोचायची. त्याच्या बदल्यात सुलतानाच्या मुलखात व्यापाराची मुभा. त्याच वेळी पोपशी आणि स्पेनशीही गोडीगुलाबी. त्यांची मालवाहू जहाजं एवढी नावाजली, की इंग्रजीतला 'आर्गोसी' हा मोठ्या व्यापारी जहाजासाठीचा शब्द रागुसावरूनच आला. लोव्रियेनाचच्या दारावर मात्र कोरलंय, की जगातलं सगळं सोनं मिळालं तरी स्वातंत्र्य विकणं चांगलं नव्हे. मला आधी हा दांभिकपणा वाटला. नंतर वाटलं, नाही, खंडणी देणं आणि स्वातंत्र्य विकणं यातला फरक या लोकांना नेमका ठाऊक होता.

1377 मध्ये रागुसाच्या परिषदेनं ठरवलं, की साथीच्या प्रदेशातून येणाऱ्यांनी आधी तीस दिवस बाहेर थांबायचं, जवळच्या मर्कान बेटावर किंवा त्साव्हतात गावी. त्याशिवाय शहरात प्रवेश नाही. विलगीकरणाचा हा जगातला सर्वांत जुन्या कायद्यांपैकी एक. पुढे व्हेनिसमध्ये तीसचे चाळीस दिवस झाले आणि चाळीसच्या त्यांच्या शब्दावरून 'क्वारंटाइन' आलं. 1416 मध्ये याच परिषदेनं आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापाराची बंदी केली. डॅनेरिसला साखळ्या तोडायला तीन ड्रॅगन लागले होते. इथे एक ठराव पास झाला.

1667 च्या भूकंपात हजारो माणसं दगावली, शहर जमीनदोस्त झालं आणि पुन्हा उभं राहिलं. शेवटी 1806 मध्ये नेपोलियनचं सैन्य आत आलं आणि 1808 मध्ये गणराज्य बरखास्त झालं.

दोन रंगांची छपरं

तटावरून चालताना बाई म्हणाल्या, "छपरांकडे बघा. किती रंग दिसतात?"

मला लाल दिसत होता. नीट बघितल्यावर दोन दिसले. काही कौलं फिकट, डागाळलेली, शेवाळ धरलेली. बहुतेक सगळी मात्र भडक नारिंगी, एकसारखी.

"फिकट आहेत ती जुनी," त्या म्हणाल्या. "बाकीची 1991 नंतरची."

1 ऑक्टोबर 1991 रोजी युगोस्लाव्ह सैन्यानं दुब्रोव्हनिकला वेढा घातला. पाणी आणि वीज तुटली. जुन्या शहरात लष्करी काही नव्हतं. 1979 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होतं. लोकांना वाटलं, याच्यावर कोण तोफा डागेल? आजूबाजूच्या गावांतून माणसं आसऱ्याला तटाच्या आत आली. 6 डिसेंबरला सकाळपासून तोफगोळे पडू लागले ते याच जुन्या शहरावर. त्या वेढ्यात तटाच्या आतल्या 824 इमारतींपैकी दोन तृतीयांश इमारतींना तडाखा बसला. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात या हल्ल्यासाठी मिओद्राग योकिच आणि पाव्हले स्त्रुगार या दोन लष्करी अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या.

वेशीपाशी भिंतीवर एक नकाशा लावलेला आहे. कुठे गोळा पडला, कुठलं छप्पर गेलं, कुठलं घर जळालं, सगळं खुणांनी दाखवलंय. मी सकाळी त्याच्यासमोरूनच आत आले होते. मला वाटलं, टूरिस्ट मॅप असेल.

बाई तेव्हा शाळेत होत्या. आई आणि धाकट्या भावाबरोबर तळघरात. त्या दिवसाबद्दल त्यांनी फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की बाहेर आल्यावर सगळ्यात विचित्र काय वाटलं, तर रस्त्यावर कौलांचा खच होता आणि चालताना काचेसारखा आवाज येत होता.

मी धीर करून विचारलं, "तुम्ही सिरीज बघितली?"

"बघावीच लागते, धंदा आहे. पण शेवटच्या सीझनचा पाचवा एपिसोड नाही बघितला."

ज्यांनी पाहिलंय त्यांना कळलं असेल. (नसेल पाहिलं तर माफ करा, पण आता इतकी वर्षं झाली.) त्या एपिसोडमध्ये डॅनेरिस ड्रॅगनवर बसून किंग्ज लँडिंग जाळते. शहर शरण आलेलं असतं, घंटा वाजत असतात, तरी जाळते. मी तो एपिसोड मे 2019 मध्ये पहाटे उठून पाहिला होता आणि नंतर ग्रुपवर तासभर भांडले होते, की लेखकांनी डॅनेरिसवर अन्याय केला. ज्या शहराच्या चेहऱ्यावर हे शहर बेतलं, तिथली कुणी बाई हा एपिसोड बघू शकत नसेल, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

तरी बाईंची सिरीजवर तक्रार नव्हती. शूटिंगनं पोटाला दिलं, असं त्या सरळ म्हणाल्या. त्रास वेगळाच. पर्यटक एवढे वाढले, की बंदरात दिवसाला किती क्रूझ जहाजं यावीत यावर शहराला मर्यादा घालावी लागली. घरं भाड्यानं देण्यात जास्त पैसा, म्हणून माणसं बाहेर राहायला गेली. 1991 मध्ये तटाच्या आत पाचेक हजार लोक राहायचे. आता त्याच्या एक तृतीयांशही नाहीत. वेढ्यात टिकलेली वस्ती भाड्याच्या खोल्यांनी पातळ केली. गोव्यात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

व्लाहो

निघताना त्यांनी वेशीवरचा पुतळा दाखवला. दाढीवाला बिशप, हातात सगळ्या शहराची छोटी प्रतिकृती धरलेली. हा संत व्लाहो, इंग्रजीत सेंट ब्लेझ, पोर्तुगीजमध्ये साव ब्राझ. 972 सालापासून तो या शहराचा रक्षक मानला जातो. 3 फेब्रुवारीला त्याचा सण असतो. दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून माणसांच्या गळ्याला लावतात आणि गळ्याचे आजार दूर राहोत म्हणून आशीर्वाद देतात.

"सोळाव्या शतकात आमचे व्यापारी आणि खलाशी मिऱ्यांच्या व्यापाराच्या मागे गोव्याला पोचले," त्या म्हणाल्या. "त्यांचा व्लाहो तिथे आहे. तुमच्या घराजवळच असेल. बघून या आणि मला फोटो पाठवा."

घराजवळ म्हणजे किती जवळ? गवंडाळी. करमळी रेल्वे स्टेशनपासून पलीकडे, कुंभारजुव्याच्या खाडीकाठी. ही खाडी आम्हाला मगरींमुळे माहीत. करमळीला मी गाडी पकडायला शेकडो वेळा गेले आहे. गवंडाळीला एकदाही नाही.

परत आल्यावर एका रविवारी गेले. पांढरं, साधं चर्च, साव ब्राझचं. ते रागुसाच्या लोकांनी बांधलं असं परंपरेनं मानलं जातं. 1999 मध्ये झ्द्राव्का मातिशिच या क्रोएशियन भारतविद्या-अभ्यासक इथे आल्या, तेव्हापासून दुब्रोव्हनिकला आपल्या या हरवलेल्या धाग्याची नव्यानं आठवण झाली. जवळच जुन्या गोव्याच्या संरक्षक तटाच्या खाणाखुणा आहेत. त्या किल्ल्याचं नावही साव ब्राझच.

तिथे उभी असताना एक गोष्ट मनातून जाईना. साथीला वेशीबाहेर थांबवायची युक्ती ज्या शहरानं 1377 मध्येच काढली, त्याच्या रक्षक संताचं देऊळ जुन्या गोव्याच्या वेशीवर आहे. आणि ते जुनं गोवा साथींनीच ओस पडलं. पटकी आणि मलेरियानं माणसं मरत गेली, 1759 मध्ये व्हाइसरॉयनंही बिऱ्हाड पणजीला हलवलं. आज तिथे चर्च उरली आहेत, मधलं शहर नाही. दुब्रोव्हनिकमध्ये निदान छपरं दोन रंगांची आहेत. इथे छपरंच नाहीत.

चर्च बंद होतं. बाहेर एक आजोबा सायकल टेकवून उभे होते. त्यांनी विचारलं, "खंयची गो बाय तूं?" म्हापशाची म्हटल्यावर ते म्हणाले, "मग इतके दिस खंय आशिल्लें?"

त्यांना काय सांगणार? चर्चचा फोटो काढून बाईंना पाठवला. तासाभरात उत्तर आलं. शब्द एकही नव्हता. त्यांनी वेशीवरच्या पुतळ्याचा फोटो पाठवला होता, हातात शहर धरलेल्या व्लाहोचा.

गेल्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारात एका गाडीची काच पुन्हा खाली झाली. "दिल चाहता है वाला फोर्ट?" मी रस्ता सांगितला. मग म्हटलं, "त्याचं नाव शापोरा. पाच मिनिटं असतील तर एक गोष्ट सांगते."

त्यांनी गाडी बाजूला घेतली.