टॉमीगन, स्टेनगन आणि काटकसरीची जागा



हत्यारांचा इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा लढाईपासून प्रारंभ करतात. मी हिशेबाच्या वहीपासून करणार आहे. शत्रू दाराशी आला तरी राष्ट्राला शेवटी बाजारात जाऊन भाव विचारावाच लागतो. महाग घ्यावे की स्वस्तात भागवावे, हा आपल्या संसारातला प्रश्न तेथे हजारो जिवांचा प्रश्न होतो. १९४० साली तो ब्रिटनपुढे उभा राहिला.

त्या वर्षी २६ मे ते ४ जून या दिवसांत डंकर्कच्या किनाऱ्यावरून सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक सोडवून आणले गेले. तोफा, मोटारी आणि दारूगोळा मात्र मागे राहिला. जवळच्या लढाईसाठी जर्मनांपाशी सबमशीनगन होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी हे गुंडांच्या टोळ्यांचे हत्यार म्हणून युद्धापूर्वी नाक मुरडले होते. आता धावाधाव सुरू झाली. अमेरिकेची टॉमीगन तयार होती, पण एका नगाला सुमारे २०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ ५० पौंड पडत. मार्च १९४१ मध्ये ‘लेंड-लीज’चा कायदा होईपर्यंत व्यवहार रोखीचा होता आणि तिजोरीतले डॉलर आटत चालले होते. त्यातून माल समुद्रावरून यायचा, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या होत्या.

अशा वेळी मेजर रेजिनाल्ड शेफर्ड आणि हॅरल्ड टर्पिन यांनी एक ओबडधोबड बंदूक पुढे आणली. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे आणि एन्फिल्डचे ‘एन’ मिळून तिचे नाव झाले स्टेन. जानेवारी १९४१ मध्ये नमुना दाखवला गेला. पोलादी नळी, प्रेसमध्ये दाबलेला पत्रा, वेल्डिंगचे सांधे आणि अगदी मोजके लेथकाम, एवढाच तिचा संसार. किंमत तीन पौंडांच्या आतबाहेर. तिचे सुटे भाग लहानसहान वर्कशॉपांतही होऊ शकत. तिचा एक प्रकार तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी करणाऱ्या कारखानदारांनी काढला. युद्धकाळात कारखान्यांत आलेल्या स्त्रियांचे हात या कामाला लागले. अशा सुमारे ४० लाख बंदुका झाल्या.

आता कोणी म्हणेल, पन्नास पौंड आणि तीन पौंड यांत जो फरक तोच गुणवत्तेचा फरक. पण तसे नव्हते. अमेरिकेत टॉमीगनचीही छाटणी झाली. नळीवरच्या कोरीव चकत्या गेल्या, तोंडावरचा जोड गेला, आतली अवघड खीळही काढून टाकली. आणि १९४४ च्या सुमारास तीच बंदूक ४५ डॉलरच्या आसपास मिळू लागली. मारा कमी झाला नाही. म्हणजे आधीच्या किमतीतला बराच भाग ज्याच्यावाचून अडत नव्हते अशा गोष्टींचा होता.

मग स्टेनमध्ये दोष नव्हता काय? होता, आणि तो नेमक्या जागी होता. तिच्या मॅगझिनमध्ये काडतुसांच्या दोन रांगा तोंडाशी येऊन एक होत. तेथे थोडी माती शिरली, किंवा पत्र्याचे ओठ जरासे वाकले, की काडतूस अडकले. मॅगझिन ३२ काडतुसांचे, पण अनुभवी शिपाई दोन-चार कमीच भरत. भरलेली बंदूक हातून आपटली तर आपोआप सुटण्याची भीती वेगळीच. २७ मे १९४२ रोजी प्राग शहरात हायड्रिखच्या मोटारीसमोर योझेफ गाब्चिक उभा राहिला आणि त्याची स्टेन चाललीच नाही. त्याचा सोबती यान कुबिश याने बाँब टाकला, म्हणून कार्य झाले. हायड्रिख ४ जूनला मेला.

ओबडधोबड दस्ता ठेवल्याने कोणाचे बिघडले नाही. मॅगझिनपाशी मात्र दात कोरून पोट भरण्यासारखे झाले. ब्रिटिश सैन्याने १९५३ मध्ये स्टर्लिंग बंदूक स्वीकारली, तेव्हा जॉर्ज पॅचेट यांच्या त्या बंदुकीत पत्रा आणि नळी होतीच. पण मॅगझिन वाकडे केलेले, आत काडतुसे वर सरकवायला रूळ बसवलेले. पैसा जेथे हवा तेथे घातला गेला.

इटलीत १० जुलै १९४४ रोजी ५ व्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. सारे सोबती पडले. माणगाव तालुक्याचा हा जवान एकटा धावून गेला. हातबाँबने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला उसंत नव्हती म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. तेथेच त्यांना गोळ्या लागल्या. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. टॉमीगन की स्टेन, हे ठरवणाऱ्या टेबलाशी असा नाईक कधी बसलेला नसतो. हिशेब एकजण मांडतो. चुकला तर भरपाई दुसरा करतो.

कामगार चळवळीत मी हेच पाहत आलो आहे. खरेदी खाते स्वस्त हातमोजे घेते, प्रेसच्या गार्डवर पैसे वाचवते. बचत कागदावर दिसते, तुटलेले बोट दिसत नाही. काटकसर वाईट नव्हे. १९४१ मध्ये ब्रिटनने स्टेन केली नसती तर हात रिकामे राहिले असते. परंतु रंग, नक्षी, चकाकी यांवर खुशाल कात्री चालवा. ज्या भागावर वापरणाऱ्याचा जीव लोंबकळतो तेथे चालवू नका. आणि तो भाग कोणता, हे खरेदीपूर्वी वापरणाऱ्यालाच विचारा.